हवाईयन गिटार : मला आवडलेली काही वादने



आपल्या व्याख्यानमालेत आजवर संतांवर, नाटकांवर, सीमाभागातल्या मराठीवर विद्वानांनी बोलून झाले आहे. यंदा मंडळाने एका होमिओपॅथी डॉक्टरला उभे केले आणि त्याने विषय दिला हवाईयन गिटारचा. आमंत्रणपत्रिका वाचून एक ज्येष्ठ गृहस्थ दवाखान्यात आले आणि म्हणाले, "डॉक्टर, हळ्ळीखेडात गिटार कुठली आली?" मी म्हणालो, "काका, तुम्ही ती रोज ऐकत होता, फक्त तिचे नाव कुणी सांगितले नाही."

आठवून पाहा. साठ-सत्तर सालची गोष्ट. घरात फळीवर रेडिओ, त्यावर आईने विणलेला रुमाल. गुलबर्गा केंद्र लागायचे, हैदराबाद लागायचे, वारा बरा असला तर सिलोनही लागायचे. भाषण दोन मिनिटे आधी संपले आणि बातम्यांना वेळ असला की मध्ये एखादी धून वाजायची. ओळखीचे सिनेगीत असायचे, पण गाणारे कुणी नाही. एक वाद्य माणसासारखे गात असायचे, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, थोडे थरथरत. आम्हां मुलांना ती सतार नाही आणि व्हायोलिनही नाही, एवढे कळायचे. तीच हवाईयन गिटार. अमेरिकेत तिला स्टील गिटार म्हणतात.

आज मी तीन गोष्टी सांगणार आहे. हे वाद्य काय आहे, ते आपल्यापर्यंत कसे आले, आणि त्यातली मला आवडलेली चार वादने कोणती. चौथे वादन कोणत्याही तबकडीवर मिळणार नाही. ते याच गावात झाले आहे.

वाद्य वाजते कसे

साधी गिटार छातीशी धरतात आणि डाव्या हाताच्या बोटांनी तारा पडद्यांवर दाबतात. पडदा जिथे आहे तिथलाच सूर मिळतो. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तारा पडद्यांपासून इतक्या उचललेल्या असतात की दाबल्या तरी टेकत नाहीत. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत नख्या. कांडी तारांवर हलकी ठेवायची आणि सरकवायची. पडद्यांच्या रेघा फक्त खुणेसाठी, रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांसारख्या.

म्हणजे दोन सुरांमधला सगळा रस्ता वादकाच्या हाती येतो. आपल्या संगीतात ज्याला मींड म्हणतात, ती इथे वाद्याच्या स्वभावातच आहे. सतारीवर मींड काढायची तर तार बाजूला ओढावी लागते आणि ती काही सुरांपुरतीच ओढली जाते. इथे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड घसरता येते.

मोकळीक मिळाली तशी जोखीमही आली. समजा तारेची लांबी ६० सेंटिमीटर आहे. सुरुवातीला अर्ध्या स्वराचे अंतर साधारण ३.४ सेंटिमीटर पडते. तारेच्या मध्यावर, म्हणजे वरच्या षड्जापाशी, तेच अंतर १.७ सेंटिमीटरवर येते. तिथे कांडी एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर अर्ध्या स्वराच्या सतराव्या भागाइतकी चूक होते आणि चांगल्या कानाला ती टोचते. म्हणून चांगले वादक सुरावर कांडी ठेवून किंचित हलवतात. हा कंप सुराला जीव देतो आणि बारीकशी चूक पोटातही घालतो. या हाताच्या कंपाची आठवण ठेवा. शेवटी मला त्याच्याकडे परत यायचे आहे.

लोखंडाचा तुकडा आणि एक मुलगा

हवाई बेटांवर गिटार पोचली ती एकोणिसाव्या शतकात, मेक्सिकोकडून आलेल्या गुराख्यांबरोबर. तिला मांडीवर आडवी घालण्याचे श्रेय बहुतेक जण जोसेफ केकुकू याला देतात. त्याचा जन्म १८७४ चा, ओआहू बेटावरच्या लाये गावातला. कथा अशी की गिटार घेऊन रुळांच्या कडेने चालताना या पोराला लोखंडाचा एक बोल्ट सापडला, तो तारांवर घासला आणि वेगळाच आवाज आला. पुढे होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत असताना तिथल्या कर्मशाळेत त्याने नीट पोलादी कांडी घडवून घेतली. १९०४ साली तो बेटे सोडून अमेरिकेत गेला आणि जन्मभर वाजवत, शिकवत राहिला.

काही जुने हवाईयन लोक मात्र दुसरे नाव घ्यायचे, गॅब्रिएल डेव्हिऑन. हा मूळचा हिंदुस्थानातला; लहानपणी एका खलाशाने त्याला पळवून नेले आणि तो होनोलुलूला पोचला, असे सांगितले जाते. तारेवर वस्तू सरकवून वाजवण्याची युक्ती त्याने केकुकूच्या आधी केली होती, असा त्यांचा दावा. खरे-खोटे ठरवणे अवघड आहे. "बघा, हेसुद्धा आपलेच!" म्हणून टाळ्या घेण्याचा मोह मला होतो, पण एवढ्या पुराव्यावर डॉक्टरने निदान करू नये.

तारेवर गुळगुळीत वस्तू सरकवण्याची कला आपल्याकडे जुनी आहे, याला मात्र भक्कम आधार आहे. उत्तरेत विचित्रवीणा आहे, ती काचेच्या गोट्याने वाजवतात. दक्षिणेत गोट्टुवाद्यम् आहे, त्यालाच आता चित्रवीणा म्हणतात. गोट्टुवाद्याला मैफलीत मानाची जागा मिळवून देणाऱ्यांत तंजावर भागातल्या तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव यांचे नाव पहिले घ्यावे लागते. नारायण अय्यंगार हे त्यांचे शिष्य, आणि गायनातले थोर सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर हेही त्यांच्याकडे शिकले. सखाराम हे नाव तमिळ मुलखात ऐकले की आपल्या कानाला घरचे वाटते. तंजावरला भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत होते, हे इथे आठवावे.

अमेरिकेच्या खेड्यात

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठे प्रदर्शन भरले. त्यात हवाईच्या दालनातले गाणे-बजावणे ऐकून अमेरिकन लोक वेडे झाले. पुढच्या काही वर्षांत हवाईयन तबकड्या धडाधड खपल्या. गावोगाव शिकवण्या निघाल्या. वाद्याचा आवाज लहान पडतो म्हणून १९२७ च्या सुमारास धातूच्या पोटाची गिटार झाली. १९३२ साली रिकनबॅकर कंपनीने विजेवर चालणारी गिटार बाजारात आणली. ती दिसायला दांड्याच्या तव्यासारखी, म्हणून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणू लागले. ध्यानात घ्या, व्यापारी तत्त्वावर विकली गेलेली पहिली विजेची गिटार ही मांडीवर घ्यायची हवाईयन गिटार होती. आज ऑर्केस्ट्रातली पोरे गळ्यात अडकवून उड्या मारतात, ती नंतरची.

हे वाद्य अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या शेतकऱ्यांच्या, गिरणी कामगारांच्या, रेल्वे मजुरांच्या गाण्यात शिरले. त्या गाण्याला कंट्री म्हणतात. साधी चाल, सरळ शब्द. घर सुटणे, दारू, आई, देव आणि बेइमान प्रियकर एवढेच विषय. त्याचा पहिला मोठा गायक जिमी रॉजर्स, हा रेल्वेत कामाला होता. १९२९ मध्ये त्याच्या काही तबकड्यांवर जो काइपो नावाच्या हवाईयन वादकाने साथ केली. याच रॉजर्सच्या तबकड्या खांडव्याच्या गांगुलींच्या घरात होत्या आणि त्या ऐकून धाकट्या भावाने गळा पलटवून गायची लकब उचलली. तो धाकटा भाऊ म्हणजे किशोरकुमार. 'अजीब दास्ताँ है ये' या १९६० च्या गाण्याची चाल जिम रीव्हज या कंट्री गायकाच्या 'माय लिप्स आर सील्ड'शी मिळतीजुळती असल्याचे जाणकारांनी दाखवले आहे. म्हणजे आपण समजतो तितके ते गाणे आपल्याला परके नाही.

माझ्याकडे ते आले १९८७ साली. दवाखाना नुकताच काढला होता. दुबईत काम करणारा एक पेशंट सुटीवर आला होता. दम्याने बेजार होता, त्याला बरे वाटले. फी विचारल्यावर त्याने दोन कॅसेट टेबलावर ठेवल्या. "साहेब, आमच्या कॅम्पमध्ये एक गोरा फोरमन होता, जाताना देऊन गेला. मला कळत नाही, तुम्हांला कळेल." कळले मलाही नाही. पण त्यातला एक आवाज लहानपणीच्या रेडिओतला होता.

पहिले वादन : डॉन हेल्म्स

त्या कॅसेटवरचे पहिलेच गाणे हँक विल्यम्सचे 'युअर चीटिंग हार्ट'. ध्वनिमुद्रण २३ सप्टेंबर १९५२, नॅशव्हिल. पुढे साडेतीन महिन्यांच्या आतच, १ जानेवारी १९५३ रोजी, विल्यम्स वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी वारला. तबकडी त्याच्या मृत्यूनंतर बाहेर आली.

गाणे सुरू होते ते डॉन हेल्म्सच्या स्टील गिटारने. अगदी थोडे सूर, फार वरच्या पट्टीत. गायकाचा आवाज मध्यभागी आणि वाद्य त्याच्या डोक्यावरून बोलते आहे, असे वाटते. हेल्म्सच्या वाद्याला पेडल नव्हते. हातातली कांडी आणि ताराच काय त्या. गायकाची ओळ संपली की तो दोन-तीन सूर टाकतो आणि थांबतो. आपल्याकडे भजनी मंडळात बुवांनी ओळ सोडली की पेटीवाला जागा भरतो, तसेच. पण चांगला पेटीवाला जसा बुवांच्या अंगावर जात नाही, तसा हेल्म्सही जात नाही. 'साथ' या शब्दाचा अर्थ मला या परक्या वादकाने पुन्हा शिकवला.

दुसरे वादन : बड आयझॅक्स

या वाद्याची एक अडचण होती. कांडी सरळ असल्याने सगळ्या तारा एकदमच वरखाली होतात. तारा ज्या मेळात लावल्या असतील, तोच मेळ सगळीकडे सरकत राहतो. एक सूर जागेवर ठेवून शेजारचा हलवायचा, हे जमायचे नाही. कांडी तिरकी करून थोडे साधायचे, पण थोडेच. म्हणून वादक दोन-दोन, तीन-तीन गळ्यांची वाद्ये बाळगू लागले, दर गळ्याला वेगळी जुळवणी.

मग पायाखाली पेडल आले. पेडल दाबले की सळयांच्या जोडणीने एखाददुसरी तार ताणली जाते आणि तिचा सूर चढतो. सुरुवातीला पेडलचा उपयोग नुसता मेळ बदलायला करायचे. वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबले. एक सूर स्थिर आणि त्याच्या कुशीतला दुसरा सूर हळूच वर चढला. गाणे १९५४ साली अमेरिकाभर गाजले आणि वादकांची झोप उडाली. ठिकठिकाणी लोक आपल्या गिटारला घरच्या घरी लोखंडी सळया जोडू लागले, असे म्हणतात. आज पेडल स्टील म्हणून जे वाद्य ओळखले जाते, दोन गळ्यांचे आणि दर गळ्याला दहा तारांचे, त्याची वाट इथून निघाली.

आपल्या कानाने ऐकले तर यात मौज आहे. आपण एका सुराची मींड ऐकणारी माणसे. तिथे तंबोऱ्याच्या जोडीतली एकच तार ताणावी तसे ऐकू येते. पहिल्यांदा विचित्र वाटले. दहाव्यांदा ऐकताना ते रडे दाबून बोलणाऱ्या माणसाच्या गळ्यासारखे वाटले.

त्या रडवेपणामागे आणखी एक युक्ती आहे. वादकाच्या दुसऱ्या पायाखाली आवाज कमी-जास्त करायचे पेडल असते. तार छेडताना आवाज दाबून धरायचा आणि तार विझू लागली की हळूहळू मोकळा करायचा. त्यामुळे नखीचा आघात ऐकू येत नाही आणि सूर श्वासासारखा उगवतो. बडी एमन्स हा यातला मोठा कारागीर (१९३७–२०१५). रे प्राइसच्या १९६३ सालच्या 'नाइट लाइफ'ची सुरुवात त्याच्या गिटारने होते. रात्री दवाखाना बंद करून, दिवा घालवून ते ऐकावे. त्याला मी वेगळा क्रमांक देत नाही, पण वगळवतही नाही.

तिसरे वादन : ब्रिजभूषण काब्रा

आता घरी येऊ. हवाईयन वादकांचे ताफे जग फिरत होते, त्यातले ताउ मो आणि त्यांचे कुटुंब १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिले. त्यांनी तिथे वाजवले आणि शिकवलेही. कोलकात्याचे गार्नी निस हे त्यांच्या शिष्यांपैकी. बंगालात हे वाद्य घराघरात पोचले. काझी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध आणि पुढे सुनील गांगुली यांच्या तबकड्या देशभर गेल्या. मुंबईत हजारासिंग होते, लखनौहून आलेले व्हॅन शिप्ले होते. शिप्ले आठ तारांची विजेची गिटार वाजवत आणि त्यांच्याबरोबर अॅकॉर्डियनला असत पुण्याचे एनॉक डॅनियल्स. आपण रेडिओवर दोन मिनिटांपुरते जे ऐकत होतो, ते बहुधा यांच्यापैकीच कुणाचे तरी असायचे.

या सगळ्यांनी सिनेमाची गाणी वाजवली. जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी (१९३७–२०१८) वेगळी वाट धरली. ते उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. त्यांनी ठरवले की या वाद्यावर राग वाजवायचा, आणि आलाप-जोड-झाल्यासकट वाजवायचा. १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. काश्मीरच्या खोऱ्यातल्या धनगराचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांतून मांडलेला. संतूर शिवकुमार शर्मा, बासरी हरिप्रसाद चौरसिया, गिटार काब्रा आणि तबल्याला माणिकराव पोपटकर. आपण संतूर-बासरीची नावे घेतो आणि गिटार विसरतो. पुन्हा ऐका. संतूर थेंबाथेंबाने बोलते, कारण प्रत्येक सूर हा कलमांचा आघात आहे. बासरी फुंकर आहे. त्या दोघांमध्ये खालच्या सप्तकात एक सूर दुसऱ्याकडे सावकाश चालत जातो, ती गिटार. ती नसती तर थेंब आणि फुंकर यांना जोडणारा धागा राहिला नसता. काब्रांनी कंप फार जपून वापरला. हवाईयन पद्धतीचा लाडिक कंप त्यांनी जवळजवळ टाकला आणि सूर सरळ उभा केला.

त्यांच्यामुळे पुढची वाट मोकळी झाली. विश्वमोहन भट्टांनी तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली आणि राय कूडर या अमेरिकन वादकाबरोबरच्या तबकडीला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाले. कोलकात्याचे देबाशिष भट्टाचार्य आहेत. आपल्या राज्यात बंगळुरूला प्रकाश सोनटक्के आहेत.

इथे एक मुद्दा मांडतो, त्यावर नंतर वाद घाला. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. एक मोठे कारण हे की पेटी परदेशी आहे आणि तिच्यावर मींड निघत नाही. ज्या पेटीवर आपले नाट्यसंगीत वाढले, ती बाहेर. त्याच काळात गिटार हे तितकेच परदेशी वाद्य रेडिओवर आत येऊन बसले. मला वाटते, वाद्य कुठून आले याला कान फार किंमत देत नाही. ते आपल्यासारखे बोलते का, एवढेच तो विचारतो. आणि ज्या पेटीला मींड येत नाही, तिलाही आपण प्रेमाने ठेवून घेतलेच. बीदर जिल्हा १९५६ साली या राज्यात आला. आपण घरी मराठी, बाजारात कन्नड, मोटारस्टँडवर दखनी बोलतो. कोण आपला आणि कोण बाहेरचा, हे आपण तरी वाद्याला विचारू नये.

चौथे वादन : आमचे गुरुजी

आता ज्यासाठी हा विषय घेतला, ते सांगतो.

या गावात एक शिक्षक होते. त्यांच्या घरच्यांच्या इच्छेवरून नाव घेत नाही. जुन्या मंडळींना सांगायची गरज नाही. हैदराबादला परीक्षेला गेले असताना ते एक जुनी साधी गिटार घेऊन आले. तारा उचलण्यासाठी तिच्या डोक्याशी लाकडाची पट्टी बसवली. कांडी मिळेना, तेव्हा कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या ओळखीच्या टर्नरकडून लेथवर पोलादाची कांडी उतरवून घेतली. केकुकूच्या शाळेतली गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचली आणि मला आमचे गुरुजी आठवले. दोघांत शंभर वर्षे आणि दोन समुद्र, पण अडचण एक आणि तोडही एकच.

शाळेच्या गॅदरिंगला ते वाजवायचे. एकदा एका उत्सवात त्यांना "हे फिरंगी वाद्य इथे नको" म्हणून उठवले गेले. काही न बोलता ते घरी आले आणि ओट्यावर बसून तेच पद वाजवले. उत्सवातून परतणारी माणसे ओट्यापुढे थांबत गेली. मी त्या गर्दीत होतो.

पुढे मी डॉक्टर होऊन गावात बसलो. रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊ लागलो. त्यांना हेल्म्स ऐकवला, काब्रा ऐकवले. १९९३ च्या सुमारास मला जाणवले की गुरुजींचे वादन बदलते आहे. कंप कमी होत चालला होता. पूर्वी प्रत्येक लांब सुरावर त्यांचा हात लाडाने हलायचा, आता कांडी जवळजवळ स्थिर असायची. मी त्यांना म्हणालो, "गुरुजी, तुमचा हात आता पिकला. काब्रांसारखे सरळ वाजवता." ते हसले आणि म्हणाले, "मी नाही करत डॉक्टर, तो आपोआप होतोय."

त्या एका वाक्यात सगळे निदान होते आणि ते माझ्यापुढे पाटावर मांडलेले होते. मी ऐकले रसिकाच्या कानाने. डॉक्टरचा कान मी दवाखान्यात ठेवून आलो होतो. काही महिन्यांनी त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "वाजवायला बसले की हात थांबतो आणि जेवून स्वस्थ बसले की डावा हात मांडीवर थरथरतो." तेव्हा मी खडबडलो. पार्किन्सनच्या आजारात पुष्कळदा असेच होते. हवा असतो तेव्हा हात हलत नाही, जड होतो. विसावला की कापतो. ज्याला मी कलेची प्रौढी समजलो, तो आजाराचा पहिला पायरव होता.

आणि कबूल करायचे तर पुरते करतो. कळल्यावरही मी वर्षभर माझ्याच गोळ्या देत राहिलो. माझ्या पॅथीवर माझी श्रद्धा आहे, चाळीस वर्षे तिच्यावर पोट भरले आहे. पण त्या वर्षात थरथर वाढली आणि मी मात्रा बदलत बसलो. शेवटी काकूंनीच विचारले, "हैदराबादला दाखवायचे का?" तो प्रश्न मी विचारायला हवा होता. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी औषध सुरू केले आणि हात पुष्कळ मोकळा झाला. ते पुढे सहा वर्षे वाजवू शकले. माझ्यामुळे सातवे गेले, असा माझा हिशेब आहे. गुरुजींनी तो कधी मांडला नाही. मी मांडतो, कारण या सभेत माझे दोन-तीन तरुण डॉक्टर मित्र बसले आहेत. आपल्या पॅथीचा अभिमान बाळगावा, पण पेशंट आणि त्याचा उपचार यांच्यामध्ये तो उभा राहू देऊ नये.

औषध सुरू झाल्यावरची एक कॅसेट माझ्याकडे आहे. १९९६ च्या पावसाळ्यातली. मागे पागोळ्यांचा आवाज आहे, एकदा काकूंनी भांडे ठेवल्याचाही आहे. गुरुजी भूप वाजवतात. हात पूर्वीसारखा चपळ नाही. एका लांब सुरावर कांडी पोचते, थोडी थांबते आणि मग तो जुना कंप येतो, लहानसा, मुद्दाम केलेला. औषधाने परत दिलेला. हे माझे चौथे आवडते वादन. हेल्म्स, आयझॅक्स आणि काब्रा यांच्या पंगतीला मी ते बसवतो. मोठेपणात ते कदाचित बसणार नाही. पण त्या कंपाची किंमत मला माहीत आहे.

(इथे ध्वनिफीत ऐकवण्यात आली.)

शेवटची विनंती

गुरुजी गेले. त्यांची गिटार आणि लेथवरची कांडी काकूंनी मला दिली. मला वाजवता येत नाही. कांडी माझ्या टेबलावर असते. कागद उडू नयेत म्हणून तिथे ठेवली आहे, असे पेशंटना वाटते. पेशंटचा हात तपासायच्या आधी माझे लक्ष एकदा तिच्याकडे जाते.

२०१७ साली बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली. मुले त्या गाड्यांनी शिकायला, नोकरीला जातात, गेली पाहिजेत. पण जाण्याआधी घरातला माळा एकदा पाहून जा म्हणावे. आपल्या जुन्या वाड्यांत पेट्या आहेत, दिलरुबे आहेत, तबकड्या आहेत, आजोबांच्या आवाजातल्या भजनांच्या कॅसेट आहेत. फिती चिकटतात, त्यांना बुरशी धरते. अजून दहा वर्षांनी त्यातले काही ऐकू येणार नाही. मंडळाने एक कपाट द्यावे आणि एखाद्या हुशार मुलाला या कॅसेट संगणकावर उतरवण्याचे काम द्यावे. पहिली कॅसेट मी आजच अध्यक्षांच्या हाती देत आहे. आणि गुरुजींची गिटार कुणा मुलाला किंवा मुलीला शिकायची असेल तर दवाखान्यात यावे. तिच्या तारा मी बदलून ठेवल्या आहेत.